नव्वद वादकांचा खर्च तिकिटांतून निघतो का?

मंद्रसप्तक

मुंबईच्या एनसीपीएत (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया या पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे सीझन वर्षातून दोनदा होतात, साधारण फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात. तिथल्या जमशेद भाभा थिएटरात जागा अकराशेच्या घरात. चायकोव्स्की किंवा मालर अशा संगीतकाराची मोठी रचना असली की रंगमंचावर ऐंशी-नव्वद माणसं बसलेली. भागाकार केला तर थिएटर गच्च भरूनही एका वादकामागे बाराच श्रोते येतात. बरेच वादक सीझनपुरते परदेशातून येणारे. म्हणजे विमान आलं, हॉटेल आलं, मानधन आलं, वर एकेका कार्यक्रमासाठी चांगल्या तीन-चार दिवसांच्या तालमी. बारा तिकिटांत हे बसायचं कसं?

विचारलं की लोकांची उत्तरं ठरलेली. "टाटांचा पैसा आहे हो" किंवा "श्रीमंतांची हौस, त्यांचं ते बघतील." दोन्हींत थोडं तथ्य असेल, पण एवढ्यावर संस्था चालत नाही. मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला होता. आत्ताचा ऑर्केस्ट्रा खुशरू सनटूक आणि कझाक व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी २००६ मध्ये उभा केला. मधल्या सत्तर वर्षांत मुंबईत पाश्चात्त्य संगीताची हौस कमी नव्हती, पण पूर्ण वेळ वाजवणारा वाद्यवृंद टिकवणं कोणालाच जमलं नव्हतं.

बॉमोल आणि बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी हे दुखणं १९६६ मध्येच सांगून ठेवलंय. कारखान्यात नवं यंत्र आलं की तेवढ्याच तासांत जास्त माल निघतो, त्यामुळे मजुरी वाढली तरी भागतं. बेथोवनची चौकडी (चार तंतुवाद्यांची रचना) वाजवायला मात्र तेव्हाही चार माणसं आणि अर्धा तास लागायचा, आजही तेवढंच लागतं. मजुरी तेवढी आजच्या भावाने द्यायची. म्हणजे खर्च आणि गल्ला यांतली दरी वाढतच राहणार, व्यवस्थापक कितीही हुशार असला तरी.

जगात इतर ठिकाणी हे कसं चालवतात आणि कसं विकतात? परदेशातल्या मंडळींनी लिहावं. नाटकवाल्यांनी आणि म्युझिक सर्कलवाल्यांनीही लिहावं, कारण खड्डा तोच आहे, फक्त खोली कमी-जास्त.

बार्शीलाइट

आमच्या गावात 'ऑर्केस्ट्रा' म्हणजे गणपतीत किशोर-लता गाणारे. त्यांचा खर्च मंडळ देतं आणि मंडळाचा खर्च नगरसेवक. प्रश्न सुटला. :)

स्कूलकिलतीरी

धागा आवडला. फिलाडेल्फियात राहतो, म्हणून इथलं सांगतो.

अमेरिकेत सरकारचा हातभार नावापुरता. तिकिटांतून साधारण निम्म्याहून कमी उत्पन्न येतं. उरलेलं दरवर्षीच्या देणग्यांतून आणि गंगाजळीतून. गंगाजळी म्हणजे कोणीतरी पूर्वी दिलेलं मोठं मुद्दल गुंतवून ठेवायचं आणि वर्षाला त्यातले चार-पाच टक्के खर्चाला काढायचे. त्यामुळे इथल्या व्यवस्थापनात तिकीट विकणाऱ्यांइतकाच मोठा विभाग देणग्या मिळवणाऱ्यांचा असतो. त्यांचं काम म्हणजे माणसं लक्षात ठेवणं. कोण पंधरा वर्षं त्याच खुर्चीवर बसतं, कोणाच्या आईला चेलो आवडायचा, वगैरे.

जर्मनीत याच्या अगदी उलट. तिथे शंभराहून जास्त व्यावसायिक वाद्यवृंद राज्य आणि नगरपालिकांच्या पैशावर चालतात, वादक पगारी नोकर. त्यांना तिकिटं खपली नाहीत तर वाईट वाटतं, आमच्या इथे टाळं लागतं.

अतिशयोक्ती करत नाहीये. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राने एप्रिल २०११ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. जगातल्या पहिल्या रांगेतला वाद्यवृंद! वाजवण्यात काडीचं उणं नव्हतं. रिकाम्या खुर्च्या, २००८ च्या मंदीनंतर आटलेल्या देणग्या आणि पेन्शनचा बोजा, तिन्ही एकदम अंगावर आलं. वादकांचे पगार कापून, पेन्शनची व्यवस्था बदलून २०१२ च्या जुलैत बाहेर पडले.

मिनेसोटा ऑर्केस्ट्राचं प्रकरण त्याहून कडू. व्यवस्थापनाने पगारात मोठी कपात मागितली, वादकांनी नकार दिला, आणि ऑक्टोबर २०१२ पासून जानेवारी २०१४ पर्यंत टाळेबंदी. त्याच काळात सभागृहाच्या नूतनीकरणावर पाच कोटी डॉलर खर्च चालला होता. देणगीदार इमारतीला हौसेने देतो, भिंतीवर नाव लागतं. मागे बसून बासून नावाचं सुषिर वाद्य वाजवणाऱ्याच्या पगाराला कोण देणार? संगीतदिग्दर्शक ऑस्मो व्हॅन्स्का मध्येच राजीनामा देऊन गेले, समझोता झाल्यावर २०१४ मध्ये परत आले. श्रोत्यांनीच दबाव आणला होता. यात वादकांची चूक मला तरी दिसत नाही, दुसरी बाजू कोणाला मांडायची असेल तर मांडावी.

जमाखर्च

दुसरी बाजू मांडतो. तूट दरवर्षी गंगाजळी फोडून भरायची, असं किती वर्षं चालणार? विश्वस्तांनी तो प्रश्न विचारणं चूक नव्हतं. विचारण्याची रीत चूक होती. वादकांना ताळेबंद आधीपासून दाखवला असता तर कदाचित वेगळं घडतं. आपल्याकडच्या संस्थांतही खजिनदार एप्रिलमध्ये आकडे उघडतो आणि मेमध्ये भांडणं होतात.

मंद्रसप्तक

@स्कूलकिलतीरी, देणग्यांचं कळलं. पण तिकीटविक्रीत ते काय वेगळं करतात? आपल्याकडे जाहिरात, पोस्टर आणि हल्ली रील. संपलं.

स्कूलकिलतीरी

एकेक कार्यक्रम विकायचा नाही, आख्खा हंगाम विकायचा. शिकागोच्या लिरिक ऑपेराचे प्रसिद्धीप्रमुख डॅनी न्यूमन यांनी आयुष्यभर हाच एक मंत्र देशोदेशी जपला. त्यांच्या लेखी जगात दोन जातींचे प्रेक्षक. एक चंचल, एकेरी तिकीटवाला: पाऊस आला, मॅच आली, पाहुणे आले की घरी. दुसरा हंगामाचे पैसे आधीच भरून मोकळा झालेला संत. संतांचे पैसे सप्टेंबरात हंगाम सुरू होण्याच्या कितीतरी आधी बँकेत येतात, म्हणजे संस्थेला बिनव्याजी भांडवल. आणि महत्त्वाचं म्हणजे अनोळखी संगीतकार ज्या रात्री वाजतो त्या रात्रीही खुर्ची भरलेली असते.

गेल्या वीसेक वर्षांत हे ढिलं झालंय. लोकांना मार्चमधल्या शुक्रवारचं आत्ता ठरवायचं नसतं. म्हणून 'कोणतेही चार निवडा' अशी पाकिटं आली. विद्यार्थ्यांना वर्षाला थोडके डॉलर भरून पास मिळतो, शिल्लक जागांवर त्यांना सोडतात.

२००८ च्या सुमारास ऑलिव्हर वायमन या सल्लागार कंपनीने इथल्या नऊ मोठ्या वाद्यवृंदांचा अभ्यास केला होता. पहिल्यांदा येणारे खूप असतात, पण त्यातले बहुतेक परत फिरकतच नाहीत, असं निघालं. परत येण्याचा सगळ्यात जास्त संबंध कशाशी लागला असेल? पार्किंगशी. सगळे कार्यक्रमपत्रिका बदलायच्या गप्पा मारत होते आणि गाडी लावायला जागा नव्हती.

तुळशीबागवाली

पार्किंग!!! पुण्यातल्या प्रत्येक नाट्यगृहाच्या दारावर हा प्रतिसाद चिकटवा. पहिला अंक संपेपर्यंत नवरा गाडीला जागा शोधत असतो आणि मध्यंतरात मला गोष्ट सांगावी लागते.

पडघम

बरीच वर्षं मराठी नाटकांचं व्यवस्थापन करतो. धागा वाचून हसू पण आलं आणि पोटात पण दुखलं.

हंगाम विकायचा तर आधी हंगामाच्या तारखा हातात पाहिजेत. पालिकेच्या नाट्यगृहांच्या तारखा तीन-चार महिन्यांच्या एकदम वाटल्या जातात. शनिवार रात्र आणि रविवार दुपार यांवर प्रत्येकाचा डोळा. मिळालेली तारीखसुद्धा आपली असेलच असं नाही, कधी एसी बंद, कधी सरकारी कार्यक्रम, कधी दुरुस्ती. कलाकार मालिकेत. त्यांना शूटिंगचं शेड्यूल कधी मिळतं ते त्यांनाच विचारा. अशात पुढच्या फेब्रुवारीचं तिकीट मी कोणाच्या भरवशावर विकू? सिम्फनीवाले विकू शकतात कारण एनसीपीएची थिएटरं त्यांच्या घरची आहेत. बर्लिन फिलहार्मोनिकचंही तसंच. बाकी मार्केटिंग नंतर. ज्याच्या हातात तारीख त्याच्या हातात प्रेक्षक.

आमचा हिशेब साधा. नाट्यगृहाचं भाडं, कलाकारांची नाइट (म्हणजे प्रयोगाचं मानधन), बॅकस्टेजची नाइट, नेपथ्याचा टेम्पो, दौरा असेल तर बस आणि राहणं, वर पेपरातली जाहिरात. हे सगळं पडदा उघडण्याआधीच ठरलेलं. प्लॅन म्हणजे तिकिटांचं बुकिंग उघडल्यावर पहिल्या दिवशी किती खुर्च्या गेल्या यावरून अनुभवी बुकिंगवाला प्रयोगाचं भविष्य सांगतो, आणि ते बहुतेक खरं ठरतं. त्यातून वाचायचं तर कंत्राटी प्रयोग. मंडळ किंवा कंत्राटदार ठोक रक्कम देतो, पुढे तिकिटं खपोत न खपोत, त्याचं तो बघेल. व्यावसायिक नाटकाचं पोट बऱ्याचदा यावर भरतं. कोणी उघड बोलत नाही एवढंच.

शालूवअत्तर

आणि गच्च थिएटर म्हणजे फायदा हाही भ्रमच. गंधर्व नाटक मंडळी १९१३ मध्ये निघाली, पुढे बालगंधर्वांना पाहायला लोटलेली गर्दी आणि मंडळीवर चढलेलं कर्ज दोन्ही दंतकथा झाल्या. खरे शालू, उंची अत्तर, गालिचे. काटकसर करा म्हणणारा कोणी असेल तर त्याचं ऐकलं गेलं नाही. मार्केटिंग म्हणाल तर मात्र आजच्या कुठल्याही एजन्सीला लाजवेल असं. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त 'मानापमान' झालं. बालगंधर्व आणि केशवराव भोसले, दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे नायक एका रंगमंचावर. असा प्रयोग विकायला पोस्टर लागत नाही.

पडघम

अगदी. पण तो एका रात्रीचा चमत्कार. दुसऱ्या दिवशी मंडळ्या परत आपापल्या बिऱ्हाडी.

लंडनचा धुरकट

हंगामी तिकिटाची माझ्या माहितीतली सगळ्यात झकास गोष्ट इथली आहे. १८९५ मध्ये क्वीन्स हॉलचे व्यवस्थापक रॉबर्ट न्यूमन (शिकागोवाल्यांचे कोणी नव्हेत) यांच्या डोक्यात आलं की उन्हाळ्यात रोज स्वस्तात मैफली ठेवायच्या, लोकांनी उभं राहून, फिरत ऐकायचं. आधी सोपं वाजवायचं, हळूहळू कान तयार करायचे. उभ्याचं तिकीट एक शिलिंग, सगळ्या हंगामाचं एक गिनी. पैसे कोणी दिले? जॉर्ज कॅथकार्ट नावाच्या घशाच्या डॉक्टरांनी! त्यांची अट अशी की ऑर्केस्ट्राची पट्टी खाली आणायची, कारण तेव्हाच्या चढ्या पट्टीने गायकांचे घसे खराब होतात. आणि हेन्री वुड यांनाच कंडक्टर नेमायचं. देणगीदाराची अट संगीताच्या हिताची निघाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

हाच पुढे प्रॉम्स नावाचा महोत्सव झाला. न्यूमन स्वतः १९०२ मध्ये दिवाळखोर झाले, मग एडगर स्पेयर या बँकरने सांभाळलं, १९२७ मध्ये बीबीसीने घेतलं. आजही अल्बर्ट हॉलमध्ये सगळ्यात मोक्याची जागा, कंडक्टरच्या पाठीमागची, उभ्याने ऐकणाऱ्यांची असते आणि तिकीट सगळ्यात स्वस्त. आपल्याकडे पुढच्या दोन रांगा निमंत्रितांच्या, आणि त्याच रिकाम्या.

बार्शीलाइट

निमंत्रित मध्यंतरानंतर येतात, सत्काराला.

हुबळीरिटर्न

पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात बघा की. १९५३ पासून चालू आहे, आणि भारतीय बैठकीचा सीझन पास काढून लोक सतरंजी-थर्मास घेऊन येतात. नव्या गवयाला पण तेवढीच माणसं बसलेली असतात जेवढी शेवटच्या दिग्गजाला. (बरं, थोडी वडापावच्या स्टॉलवर असतात.) डॅनी न्यूमन कोण ते कोणाला माहीत नसताना भीमसेनजींनी हे करून दाखवलं.

पडघम

सवाईच्या तारखा डिसेंबरात ठरलेल्या असतात. माझा मुद्दा तोच.

गोंयचो पाव

मुंबईच्या सिम्फनीची गोष्ट चालली आहे तर एक नाव राहून चाललंय. अँथनी गोन्साल्विस. आमच्या गोव्याचे, हिंदी सिनेमातले व्हायोलिनवादक आणि अरेंजर, प्यारेलालजींचे गुरू. त्यांनी १९५८ मध्ये इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात कार्यक्रम केला, रागांवर बांधलेल्या रचना, सोबत लता मंगेशकर आणि मन्ना डे. वादक कुठून? स्टुडिओतूनच. त्या वेळी मुंबईत नोटेशन वाचून वाजवणारे गोंयकार इतके होते की विमानाने कोणाला आणायची गरज नव्हती. माणसं होती, रचना होत्या, आवाज तर होतेच. मागे संस्था नव्हती. पुढे तो ऑर्केस्ट्रा टिकला नाही.

मला वाटतं मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. मंद्रबाब, तुम्ही बारा तिकिटांचा हिशेब केलात, पण वादक इथेच तयार झाले तर विमान आणि हॉटेल गळतं. एनसीपीएने २०१२ पासून मुलांसाठी अकादमी चालवली आहे ती याचसाठी असणार. फळ यायला पंधरा-वीस वर्षं लागतात, आणि तेवढा धीर असलेला देणगीदार मिळणं कठीण.

मंद्रसप्तक

गोन्साल्विस आठवून दिलेत, फार बरं झालं. अजून एक: याच ऑर्केस्ट्राने झाकिर हुसेन यांच्याकडून तबला आणि ऑर्केस्ट्रासाठी कॉन्चेर्टो (एक वाद्य पुढे, ऑर्केस्ट्रा साथीला अशी रचना) लिहून घेतला, २०१५ मध्ये तो पहिल्यांदा वाजला आणि २०१९ च्या ब्रिटन दौऱ्यावरही नेला. काही जाणकारांनी नाकं मुरडली. मला ते उत्तम विक्रीतंत्रही वाटलं आणि उत्तम संगीतही. ब्राह्म्स ऐकायला लंडनकर मुंबईचा वाद्यवृंद का बोलावेल?

मिरजमळा

आमचं छोटं म्युझिक सर्कल आहे, मिरजेत. मी चिटणीस. वार्षिक वर्गणी, वर्षाला काही बैठका. तुम्ही ज्याला सबस्क्रिप्शन म्हणताय ते आमचे आजोबा 'सभासद' म्हणून करत आले, फक्त सभासदांची वयं आता सत्तरीच्या पुढे आहेत. दरवर्षी यादीतली काही नावं आपोआप कमी होतात, काय ते समजा.

आमची दुसरी अडचण म्हणजे फुकटाची सवय. मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पुण्यतिथीला दर्ग्यात कलाकार सेवा म्हणून गातात, कोणीही यावं, ऐकावं. ती परंपरा वेगळी, तिला तिकीट लावायचं कोणाच्या मनातही येऊ नये. पण लोक तोच न्याय सर्कलला लावतात. शंभर रुपये म्हटलं की "संगीताचे पैसे घेता?" हेच लोक हॉटेलात बिलाकडे न बघता पैसे टाकतात.

एका कंपनीने मदत देऊ केली होती, सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्याच्या निधीतून. मग म्हणाले मागे आमचा मोठा बॅनर, निवेदकाने पाच वेळा नाव घ्यायचं. आमच्या ज्येष्ठांनी नको म्हटलं. बरोबर केलं का?

जमाखर्च

चिटणीस साहेब, ज्येष्ठांनी कंपनीलाच वाचवलं. सीएसआर म्हणजे कंपनी कायद्याच्या कलम १३५ खालचे पैसे, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के. कला-संस्कृती त्यात बसते. पण स्वतःच्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरता येत नाही, २०२१ च्या नियमांत हे स्पष्ट आहे. बॅनर हवा असेल तर कंपनीने तो जाहिरात खर्चात टाकावा, तुम्ही प्रायोजकत्व म्हणून पावती द्यावी. दोन खाती वेगळी. सीएसआर घ्यायचं तर संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते, शिवाय १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करवजावट) या नोंदण्या, त्या झाल्यात का बघा.

८०जीच्या आमिषावर मात्र आता फार विसंबू नका. नव्या करप्रणालीत व्यक्तीला ती वजावट मिळतच नाही, आणि बहुतेक पगारदार नव्या प्रणालीत गेलेत. यापुढे देणगी मागायची ती गाण्याच्या प्रेमावर.

तिकिटाबद्दल: नाटक, गाणं, नाच यांचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत जीएसटीमुक्त. त्याच्या वर गेलं की करपात्र. नाटकांची तिकिटं ५०० ला येऊन अडतात ती उगाच नाही. पडघमभाऊ सांगतीलच.

पडघम

काय सांगणार. खर्च वाढला की तिकीट वाढवायचं ठरतं आणि ५०० ची भिंत येते. मग मागच्या रांगा महाग करायच्या, म्हणजे ज्याला परवडत नाही त्याच्याच खिशात हात. दामलेंसारखा माणूस असेल तर गोष्ट वेगळी. नोव्हेंबर २०२२ मध्ये षण्मुखानंदला १२,५०० वा प्रयोग केला त्यांनी. तो प्रेक्षक नाटकाचं नाव विचारत नाही. प्रशांत दामले हेच एक सबस्क्रिप्शन आहे. पण एका माणसाच्या घशावर अख्खी इंडस्ट्री किती दिवस टांगायची?

स्कूलकिलतीरी

मिरजेच्या प्रश्नावर एक सुचवतो. इथले छोटे चेंबर म्युझिकवाले सभासदाला वर्षातून एकदा एक पाहुणा फुकट आणू देतात, अट एवढीच की पाहुण्याचं नाव-नंबर दारावर लिहून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी चिटणीस स्वतः फोन करतो, "काल कसं वाटलं?" पुढची बैठक कधी ते सांगतो, तिला निम्मी सवलत देतो. पहिल्यांदा आलेला माणूस दुसऱ्यांदा आणणं, सगळा जीव त्यात आहे. शंभर नव्या लोकांना पोस्टर पोहोचवण्यापेक्षा काल आलेल्या दहांना फोन.

तुळशीबागवाली

आमच्या सोसायटीजवळ एक मंच आहे, वर्गणी भरली की वर्षभरात काही नाटकं दाखवतात. कुठलं ते आधी सांगत नाहीत! सुरुवातीला राग यायचा. पण त्यामुळेच अशी दोन-तीन नाटकं बघितली जी मी एरवी तिकीट काढून कधीच बघितली नसती. पडघमजी, तारखा मिळत नाहीत तर नाव न सांगता विका की.

पडघम

ताई, ते मंचवाले कंत्राटी प्रयोगच घेतात आमच्याकडून. म्हणजे हंगाम मंच विकतो, नाटक आम्ही पुरवतो. जमतं ते असंच जमतं. निर्मात्याने हंगाम विकायच्या भानगडीत पडूच नये, प्रत्येक उपनगरात असे मंच वाढले पाहिजेत.

मिरजमळा

समितीत वाचून दाखवलं. ज्येष्ठांचं दोन तास चाललं. ठरलं ते असं: वर्षभराच्या तारखा जूनमध्येच छापायच्या, कलाकार ठरले नसले तरी. दर महिन्याचा दुसरा शनिवार, बदल नाही. तिशीखालच्यांना वर्गणी निम्मी. पाहुण्याची कल्पना मान्य, फोन मी करायचे. एका नावाबद्दल वाद झाला, नवी मुलगी आहे, सतार वाजवते, कोणी ऐकलेली नाही. सप्टेंबरची तारीख तिला दिली.

जमाखर्च साहेब, १२ए ची मुदत संपलीय असं खजिनदार म्हणतात. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

बार्शीलाइट

दुसऱ्या शनिवारी सांगलीहून येईन म्हणतो. बैठक किती वाजता संपते? आणि गाडी कुठे लावायची?

मिरजमळा

साडेनऊला संपवतो. शाळेचं मैदान मागून घेतलंय, फाटक मागच्या बाजूला आहे.